‘याला कळतं का?’ विचारण्याआधी: सीपी असलेल्या मुलाशी बोलायला शिकताना

शाळेत नवीन कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला. मूल खुर्चीत बसलेलं असतं, मान एका बाजूला, ओठांच्या कडेला लाळ, एक हात आपोआप वर जाणारा. आलेली व्यक्ती त्याच्याकडे एकदा बघते आणि माझ्याकडे वळून हळूच विचारते, "याला कळतं का हो?" हळू विचारलं की त्याला ऐकू जात नाही, अशी काहीतरी समजूत असावी. मी बरीच वर्षं सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना शिकवते आहे. या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही, खुर्ची पुढे करते. "दहा मिनिटं त्याच्यासमोर बसा आणि मग तुम्हीच मला सांगा."

त्या दहा मिनिटांत काय करायचं आणि पुढच्या काही महिन्यांत काय, ते इथे लिहिते. तुम्ही नुकतंच निदान कळलेले आईबाबा असाल, भाचीला सांभाळायला आलेली मावशी असाल, वर्गात असं मूल पहिल्यांदाच आलेल्या बाई किंवा सर असाल, पायऱ्या त्याच. फक्त सुरुवातीच्या गोष्टी गाळून एकदम मोबाइलच्या अ‍ॅपवर उडी मारू नका. ती चूक मी स्वतः केलेली आहे.

आधी एवढं माहीत असू द्या

सेरेब्रल पाल्सी, बोलीभाषेत सीपी, म्हणजे वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात झालेली इजा. ती इजा पुढे वाढत नाही, पण स्नायूंवरचा ताबा बिघडलेला राहतो. काहींचे स्नायू कडक असतात (स्पास्टिक), काहींच्या हालचाली मनाविरुद्ध होत राहतात (डिस्कायनेटिक), काहींचा तोल आणि नेम जातो (अ‍ॅटॅक्सिक), आणि बऱ्याच जणांत यांची सरमिसळ असते.

बोलणं हेसुद्धा स्नायूंचंच काम आहे. ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वास हे सगळे एका तालात चालावे लागतात. ताल चुकला की शब्द अडखळतात, नाकातून येतात, अर्ध्यात श्वास संपतो किंवा शब्द फुटतच नाही. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर सीपी असलेल्या चारांपैकी साधारण एक मूल तोंडाने बोलू शकत नाही. बौद्धिक अक्षमता सुमारे निम्म्या मुलांत कमी-अधिक असते, म्हणजे उरलेल्या निम्म्यांत नसते. कोणतं मूल कुठल्या निम्म्यात आहे, हे त्याच्या हातापायांकडे बघून सांगता येत नाही. अगदी जखडलेल्या शरीरात तल्लख मूल बसलेलं मी पाहिलं आहे.

मुंबईच्या मालिनी चिब यांचं उदाहरण अनेकांना माहीत असेल. बोलणं अस्पष्ट, टाइप करायला एक बोट. तेवढ्यावर त्यांनी लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, तीच आजची ‘अडॅप्ट’. हे सांगितलं की पालक म्हणतात, "तशी आमची नाही होणार." नसेलही होणार. पण ते आज कळणार नाही, आणि आजची कामं दोघींसाठी सारखीच आहेत.

फाइलमध्ये ‘सीएफसीएस’ असं लिहून पुढे एक ते पाच यांतला आकडा दिसला तर घाबरू नका. ही संवादाची पातळी मोजायची २०११ मध्ये आलेली पद्धत आहे. एक म्हणजे ओळखीच्या आणि अनोळखी, दोन्ही माणसांशी संवाद नीट जमतो. दोन म्हणजे जमतो, पण वेळ लागतो. तीन म्हणजे ओळखीच्यांशीच जमतो. चार म्हणजे ओळखीच्यांशीही कधी जमतो, कधी नाही. पाच म्हणजे तिथेही क्वचितच. मला ही पद्धत आवडते, कारण यात तोंडाने बोलण्याला जास्त गुण नाहीत. डोळ्यांनी, खुणांनी, यंत्राने, कशानेही सांगितलं तरी ते सांगणंच.

पायरी १: कान आणि डोळे तपासून घ्या

ही पायरी रुक्ष आहे, पण ही चुकली की पुढचं सगळं वाया. जन्मानंतर खूप जोराची कावीळ होऊन सीपी झालेल्या मुलांत ऐकण्याचा दोष वरचेवर सापडतो, आणि तो फसवा असतो. कधी कानातला भाग ठीक असतो, पण नसेतून मेंदूकडे जाणारा संदेश विस्कळीत असतो. अशा वेळी ओएई नावाची झटपट चाचणी ‘पास’ येते, म्हणून बेरा चाचणीचा, म्हणजे नसेतून मेंदूकडे जाणारा संदेश तपासणाऱ्या चाचणीचा, आग्रह धरा. डोळ्यांचंही तसंच. डोळे चांगले असून मेंदूला चित्र नीट लागत नाही, असं सीपीत बरंच दिसतं. मग मूल गजबजलेल्या चित्राकडे बघतच नाही, पण काळ्या कापडावर ठेवलेली एकच लाल वाटी बरोबर बघतं. असं काही दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना नेमकं तसंच सांगा.

जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये, म्हणजे लहान मुलांसाठीच्या जिल्हा केंद्रात, या तपासण्यांची आणि थेरपीची सोय असते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था वाचा आणि श्रवण याच विषयाला वाहिलेली आहे.

पायरी २: नीट बसवा

तुम्ही सायकलवरून पडता पडता कुणाला फोन नंबर सांगून बघा. ज्या मुलाला बसताना तोल सावरावा लागतो, त्याची सगळी ताकद तिथेच खर्च होते. कंबर मागे टेकलेली, पाय लोंबकळत न ठेवता पाटावर टेकलेले, मान मध्यावर, कोपर टेकवायला समोर ट्रे. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून मापं घेतली तर गावातला सुतार कॉर्नर चेअर, म्हणजे कोपऱ्यासारखी पाठ असलेली खुर्ची, सहज करून देतो. खुर्ची नसेल तर तुमच्या मांडीत, पाठ तुमच्या पोटाला टेकवून बसवा. फक्त मग बोलणारा दुसरा कोणीतरी समोर हवा, कारण तुम्हाला त्याचा चेहरा दिसणार नाही.

इथे एक गोम आहे. अगदी लहान बाळाची मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात ताठ होतो आणि दुसरा कोपरात दुमडतो. इतर बाळांत हे काही महिन्यांत जातं, सीपीच्या काही मुलांत राहतं. तुम्ही उजवीकडे चेंडू आणि डावीकडे गाडी धरता, मूल चेंडूकडे बघतं, हात आपोआप उजवीकडे सरळ होतो, आणि तुम्ही म्हणता, "अरे वा, चेंडू हवा!" त्याला कदाचित चेंडू फक्त बघायचा होता. हाताच्या खुणेवर विसंबण्याआधी अशा मुलासाठी वस्तू समोर, वर-खाली धरून बघा.

पायरी ३: दोन आठवडे फक्त वही

साधी शंभर पानी वही घ्या. चार रकाने करा: काय चाललं होतं, मुलाने काय केलं, मला काय वाटलं, मी काय केल्यावर ते शांत झालं. दिवसाला पाच-सहा नोंदी पुरेत. यात आजीला नक्की बसवा. बहुतेक घरांत आजीला सगळं कळलेलं असतं, पण "तो तसाच करतो" यापलीकडे तिने ते कधी शब्दांत मांडलेलं नसतं.

दोन आठवड्यांनी वही वाचलीत की दिसेल, मूल आधीपासूनच बोलत होतं. जीभ बाहेर म्हणजे पाणी. दाराकडे नजर म्हणजे बाबांची वाट. पाय ताठ आणि आवाज चढा म्हणजे आनंद. पाय ताठ पण आवाज बंद म्हणजे कुठेतरी दुखतंय. शेवटची नोंद सगळ्यात मोलाची. सीपीच्या मुलांना दुखतं बरंच, स्नायू आखडून, कंबरेत, पोटात बद्धकोष्ठानं, आणि त्यांच्या रडण्याला "हट्टी आहे" म्हणून सोडून दिलं जातं.

पायरी ४: ‘हो’ आणि ‘नाही’ पक्कं करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

मानेनं हो-नाही करायला लावू नका. जी मान सावरणंच अवघड आहे, तिच्याकडून नंदीबैलासारखी हो-हो कशाला करून घ्यायची? मूल थकलेलं असताना, थंडीत, तापातून उठल्यावरही जी हालचाल करू शकेल ती शोधा. डोळे वर करणं हे ‘हो’साठी बऱ्याच मुलांना जमतं. ‘नाही’साठी वेगळी हालचाल हवी, डोळे घट्ट मिटणं किंवा नजर बाजूला नेणं. काही मुलं ‘हो’साठी हसतात, पण ते मी टाळते, मग दुःखाच्या गोष्टीलाही ‘हो’ म्हणायला हसावं लागतं.

शिकवताना परीक्षा घेऊ नका. "ही गाय आहे का?" याचं उत्तर दोघांनाही माहीत आहे, मुलाने का द्यावं? ज्याच्या उत्तराने काही घडेल ते विचारा. "पंखा लावू?" त्याने डोळे वर केले की लगेच लावा आणि मोठ्याने म्हणा, "तू वर बघितलंस, म्हणजे हो. लावला." ‘नाही’ शिकवायला वेडगळ प्रश्न उत्तम: "बाबांची चप्पल तुझ्या डोक्यावर ठेवू?" मूल खिदळत नकार देतं आणि धडा पक्का होतो. मूल नाही म्हणालं तर ती गोष्ट खरंच करू नका. ज्याच्या ‘नाही’ला किंमत नाही, ते ‘हो’ म्हणायचंही सोडून देतं.

आता प्रश्नांच्या भाषेबद्दल, कारण मराठीत आपण नकळत जाळी विणतो.

"भूक लागली ना?" हा ‘ना’ उत्तर आधीच देऊन टाकतो. काढून टाका.

"जेवणार की नाही?" यात दोन प्रश्न आहेत. ‘हो’ म्हटलं तर कशाला हो?

"तुला नकोय का?" याला डोळे वर केले तर नको आहे की हवं आहे, हे तुम्हालाही कळणार नाही.

"पोळी खाणार की भात?" हाही हो-नाहीत बसत नाही. विचारा, "पोळी?" आणि थांबा. मग "भात?" आणि थांबा. शेवटी "दुसरंच काहीतरी?" हे नेहमी ठेवा. नाहीतर मुलाला आमटी हवी असते आणि आपण तासभर पोळी-भात करत बसतो.

तिसरी खूणही हळूहळू आणा: ‘माहीत नाही’. मोठ्यांच्या जगात ही चैन सगळ्यांना असते.

पायरी ५: थांबा

या पायरीला साहित्य लागत नाही, म्हणूनच ती कोणी करत नाही.

प्रश्न विचारला की मनात सावकाश दहा मोजा. ओठ बंद. मुलाला ऐकायला, समजायला, उत्तर ठरवायला आणि मग स्नायूंना तयार करायला वेळ लागतो. मधेच पुन्हा विचारलंत तर सगळं पहिल्यापासून सुरू. "बोल ना, बोल ना, शाब्बास, बोल" असा गजर केलात तर ताण वाढून शरीर आणखी कडक होतं, आणि येत असलेलं उत्तरही अडतं.

एका मुलीचं ‘हो’ यायला पंधरा-वीस सेकंद लागायचे. तिच्या आधीच्या शाळेच्या फाइलमध्ये शेरा होता: ‘प्रतिसाद देत नाही’. तिथल्या बाई पाच सेकंदांत पुढच्या मुलाकडे जात असणार. वर्गात चाळीस मुलं असतील तर मी त्यांना दोषही देत नाही. पण उपाय आहे: तिला प्रश्न विचारून पुढे जा, दोन मुलं झाली की परत तिच्याकडे या.

पायरी ६: शब्दांचा बोर्ड

हो-नाहीवर आयुष्य काढणं म्हणजे सतत दुसऱ्याने तुमच्या मनातलं ओळखायचा खेळ खेळणं. आपले स्वतःचे शब्द हवेत, आणि ते बोर्डवर मिळतात. बोट जात असेल तर बोटाने, मूठ जात असेल तर मुठीने (घरं मोठी करा), काहीच जात नसेल तर नजरेने. नजरेसाठी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, मधोमध खिडकी, चार कोपऱ्यांत चार चित्रं. तुम्ही पलीकडून मुलाच्या डोळ्यात बघता आणि नजर कुठल्या कोपऱ्यात गेली ते कळतं. नजरही नेमकी नसेल तर तुम्ही एकेक शब्द बोट ठेवून मोठ्याने वाचा आणि मुलाने ‘हो’ची खूण करावी. हे संथ वाटतं, पण चालतं.

ही कल्पना नवी नाही. १९७१ मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या एका केंद्रात शिक्षकांनी न बोलणाऱ्या सीपीच्या मुलांसाठी चार्ल्स ब्लिस यांची चिन्हलिपी वापरायला घेतली. ब्लिसने ती लिपी देशादेशांतल्या माणसांना एकमेकांचं कळावं म्हणून बनवली होती; कामी आली ती या मुलांच्या.

बोर्डवर काय असावं? नव्या पालकांचा पहिला बोर्ड मी डोळे मिटून सांगू शकते: पाणी, जेवण, शू, शी, झोप. यात गैर काही नाही, पण अशा बोर्डवर मूल फक्त मागू शकतं. चेष्टा, तक्रार, गप्पा, भांडण काहीच करू शकत नाही. रोजच्या बोलण्याचा मोठा भाग दोन-तीनशे शब्दांतच उरकतो, आणि त्यांतले बरेच असे असतात: मी, तू, हे, ते, दे, घे, चल, थांब, बघ, कर, अजून, पुन्हा, झालं, काय, कुठे, कोण, मस्त, वाईट. सुरुवातीला बारा ते वीस पुरेत, आणि त्यांच्या जागा एकदा ठरल्या की बदलू नका. हात जागा लक्षात ठेवतो.

परदेशी तक्ते छापून त्यावर मराठी चिकटवू नका. इंग्रजीत एका ‘नो’मध्ये भागतं, आपल्याला ‘नाही’ आणि ‘नको’ दोन्ही हवेत. "तिथे कोणी नाही" आणि "मला तिथे नको" हे दोन्ही मुलाला म्हणता यायला हवं. ‘मी’बरोबर ‘मला’ स्वतंत्र ठेवा, कारण भूक, थंडी, राग, कंटाळा हे सगळं मराठीत ‘मला’ होतं. हाक मारायला ‘अगं’, ‘अरे’, ‘अहो’ असू द्या. बोलणारं यंत्र असेल तर मुलीसाठी ‘मी जाते’ आणि मुलासाठी ‘मी जातो’ असंच रेकॉर्ड करा. नऊ वर्षांच्या मुलीच्या खुर्चीतून पुरुषी आवाजात "मी दमलो" ऐकू आलं तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला आहे.

आणखी तीन घरं, ज्यांना लोक बिचकतात. एक: ‘दुखतंय’, शरीराच्या चित्रासकट. दोन: शरीराच्या खासगी भागांचे शब्द आणि ‘मला हात लावू नको’. ज्या मुलांना रोज चार वेगवेगळी माणसं अंघोळ घालतात, कपडे बदलतात, त्यांना हे सांगता येणं ही सुरक्षिततेची गोष्ट आहे. तीन: ‘माझा शब्द इथे नाही’. हे घर दाबलं गेलं की बोर्ड वाढवायची वेळ झाली.

मग बोर्ड मुलासमोर ठेवून "दाखव, पाणी कुठे?" सुरू करू नका. बोर्ड आधी तुम्ही वापरा. पोळी वाढताना ‘अजून’ आणि ‘दे’वर बोट ठेवत बोला. रिक्षा आली की ‘चल’. दूध उतू गेलं की ‘वाईट’. असं कित्येक महिने. बोलणारं बाळही पहिला शब्द काढायच्या आधी जवळजवळ वर्षभर नुसतं ऐकतं, तेव्हा कोणी म्हणत नाही, याला शिकवून उपयोग नाही.

"बोर्ड दिला तर बोलायचं सोडून देईल" ही भीती प्रत्येक घरात असते, बहुतेक वेळा आजोबांना. अभ्यास याच्या उलट सांगतात: बोलणं कमी होत नाही, काही मुलांचं थोडं वाढतंच. तोंडाने बोलणं सोपं असेल तर मूल बोर्डाकडे ढुंकूनही बघणार नाही.

याच जागी वेखंडाबद्दल. बोलणं सुटावं म्हणून वेखंड उगाळून, मधात कालवून जिभेवर चोळतात. सीपीत गिळायलाही त्रास असतो. पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊन छातीत कफ होतो, न्यूमोनिया होतो. कृपा करून असं काही चाटवू नका. शिट्ट्या वाजवणं, फुगे फुगवणं, जीभ बाहेर-आत हे व्यायामही करायला मजेचे असले तर करा, पण त्यांनी शब्द स्पष्ट होतात याला आधार नाही. थोडंफार बोलणाऱ्या मुलाला श्वास सांभाळून, छोट्या तुकड्यांत, सावकाश बोलायला शिकवणारा स्पीच थेरपिस्ट मात्र खरी मदत करतो.

पायरी ७: अक्षरं

बोर्डवर जे शब्द आपण ठेवतो तेच मूल बोलू शकतं. अक्षरं आली की मनातलं काहीही. म्हणून "आधी बोलू दे, मग अक्षरं" असं म्हणू नका. पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणं पहिल्या दिवसापासून चालू राहू द्या.

आणि इथे आपली वर्णमाला कामाला येते. इंग्रजी अक्षरं तक्त्यात कशी मांडायची, यावर लोक डोकं खाजवतात. आपल्याकडे पाच वर्ग, प्रत्येकात पाच अक्षरं, तक्ता आयता तयार. मोठ्या पुठ्ठ्यावर क, च, ट, त, प अशा पाच रांगा लिहा. तुम्ही विचारता, "पहिली रांग? दुसरी? तिसरी? चौथी?" मूल डोळे वर करतं. चौथी, म्हणजे त वर्ग. "त? थ? द?" पुन्हा डोळे वर. द. मग मात्रांची वेगळी पट्टी: "काना?" हो. ‘दा’. तीच फेरी पुन्हा, ‘दादा’. खाली य ते ळ यांच्या दोन रांगा आणि स्वरांची एक.

ङ आणि ञ यांची मुलांना फारशी गरज पडत नाही. मी ङच्या घरात ‘चुकलं, परत’ आणि ञच्या घरात ‘शब्द संपला’ लिहिते. व्याकरणवाल्यांनी माफ करावं. जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ यांत अडकू नका. ‘रिकषा’ आलं तरी रिक्षाच. पण अर्धा शब्द आल्यावर तुम्हीच पूर्ण केलात तर "हेच का?" असं विचारून घ्या. घाईत मी एकदा ‘मास’वरून ‘मासा’ ठरवून टाकला होता. पोरगा मासिकाबद्दल बोलत होता आणि माझ्यावर दिवसभर रुसला.

पायरी ८: यंत्रं, पण बेताने

सगळ्यात साधं यंत्र म्हणजे एक मोठं बटण, ज्यात एक वाक्य रेकॉर्ड होतं. त्यात ‘मला पाणी हवं’ भरण्यापेक्षा ‘काय चाललंय, मलापण सांगा’ भरा, आणि आवाज त्याच वयाच्या भावंडाचा घ्या.

फोन किंवा टॅबवर ‘जेलो’ हे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं अ‍ॅप मोफत आहे आणि मराठीतही चालतं. त्यातल्या चित्रांच्या बाजूला आवडतं, हो, अजून, आवडत नाही, नाही, कमी अशी सहा बटणं असतात. चित्र निवडून त्यातलं एक दाबलं की पूर्ण वाक्य बोललं जातं. चेन्नईत तयार झालेलं ‘आवाज’ हेही बरंच वापरलं जातं. बोट घसरून भलतंच दाबलं जात असेल तर स्क्रीनवर भोकं पाडलेली अ‍ॅक्रिलिक शीट बसवा. नजरेवर चालणारी यंत्रं लाखांच्या घरात जातात, तेव्हा आपल्या मुलावर वापरून बघितल्याशिवाय घेऊ नका. यंत्र कितीही भारी असलं तरी कागदी बोर्ड दप्तरात हवाच. वीज जाते, पाऊस पडतो, बॅटरी ऐन वेळी संपते.

एक सावधगिरी. कोणीतरी मुलाचा हात किंवा मनगट धरून अक्षरांवर नेतं आणि मुलाच्या नावाने लांबलचक वाक्यं बाहेर पडतात, असं दाखवलं जातं. आईबाबांना ते वाचून भरून येतं. तपासण्या केल्यावर ते शब्द हात धरणाऱ्याचेच निघालेले आहेत, बऱ्याचदा त्याच्याही नकळत. अमेरिकेतल्या वाचातज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये या पद्धतीला स्पष्ट विरोध नोंदवला. टेकू कोपराला, पाठीला, खुर्चीला द्या. निवड करणाऱ्या हाताला नको.

पायरी ९: घराबाहेर

कागदपत्रं उरकून घ्या: यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आणि नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ योजनेचा आरोग्य विमा, ज्यात वर्षाला एक लाखापर्यंतच्या खर्चात थेरपीही धरली जाते. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटं जास्त वेळ हा हक्क आहे; शाळेला आधीच लेखी कळवा.

वर्गातली मुलं विचारतात, "हा असा का करतो?" त्यांना खरं सांगा: "त्याच्या स्नायूंना त्याचं ऐकायला वेळ लागतो. वर बघितलं की हो समज." मुलं दोन दिवसांत शिकतात. मोठ्यांना महिना लागतो.

मोठ्यांसाठीच एक कागद बनवा, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक लावलेला, खुर्चीला टांगलेला. मुलाच्या तोंडून लिहा, एका पानात:

मला सगळं ऐकू येतं. माझ्याशी बोला, आईशी नको.
मी डोळे वर केले म्हणजे हो. घट्ट मिटले म्हणजे नाही.
विचारल्यावर मनात दहा मोजा.
मला पातळ चहा देऊ नका, ठसका लागतो.
पाय ताठ झाले आणि मी गप्प झालो तर मला दुखतंय.
मला क्रिकेट आवडतं. बाळाशी बोलल्यासारखं बोललेलं आवडत नाही.

मजकूर मुलाला वाचून दाखवा आणि प्रत्येक ओळीला त्याचं ‘हो’ घ्या. एकाने चहाची ओळ खोडायला लावली होती. थेरपिस्टशी बोलून आम्ही घट्ट केलेला चहा लिहिला, तेव्हा कुठे डोळे वर गेले. खाली तारीख घाला, आणि सहा महिन्यांनी नवा कागद करा.